काटा पुढे सरकला म्हणून चालणं सोडू नका

(शनिशिंगणापूर येथे प्रभागसंघाच्या सभेत आरोग्याच्या विषयावर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी येऊ न शकलेल्या तायांसाठी इथे देत आहोत.)



आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी. पुढच्या पाचांत आरोग्य आहे. ते बैठकीत वाचलं जातं आणि लगेच पुढचा विषय निघतो. म्हणून आज आरोग्यातल्या एका छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. गोष्ट छोटी, पण तिच्यापायी बऱ्याच जणी चांगलं सुरू केलेलं काम मध्येच सोडून देतात.

होतं असं. कोणाला साखर निघालेली असते, कोणाचं बीपी वाढलेलं असतं, कोणाचे गुडघे बोलायला लागलेले असतात. डॉक्टर सांगतात, चालत जा, वजन कमी करा. मग गटातल्या चार-पाच जणी ठरवतात आणि पहाटेचं उरकून रोज अर्धा तास चालायला लागतात. दोन-तीन आठवडे अगदी नेमानं. मग एखादी उपकेंद्रात जाऊन काट्यावर उभी राहते, आणि काटा एक-दीड किलोनं पुढे गेलेला! घरी आल्यावर कोणीतरी म्हणतंच, "चालून चालून जाड झालीस की गं." झालं. दुसऱ्या दिवशी चप्पल कोपऱ्यात. आठ दिवसांत तिच्याबरोबरच्या तिघीही बंद.

साखर आणि बीपी मात्र बंद होत नाहीत. ती आपली आतून चालूच राहतात. म्हणून मला आज मुख्य एकच सांगायचं आहे: व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात जे वजन वाढतं, त्यात चरबीचा भाग बहुतेक वेळा फार थोडा असतो. त्या वजनाला घाबरून चालणं सोडलं, तर तोटा आपलाच.

तुम्ही हिशोबाच्या बाया आहात, म्हणून हिशोबानंच पाहू. अंगात एक किलो चरबी साठायची तर साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. आठवड्यात किलोभर चरबी वाढायची, तर रोज अकराशे कॅलरी जास्त. म्हणजे नेहमीचं जेवण करून वर रोज दहा-अकरा पोळ्या! तेवढं कोणी खाल्लेलं नसतं. मग आठवड्यात वाढलेला तो किलो आला कुठून?

तो बराचसा पाण्याचा असतो. तापलेल्या रानाला पहिलं पाणी दिलं की ते किती पितं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दारं धरून उभं राहिलं तरी सरी भरता भरत नाही. पुढच्या पाळीला तेच रान कमी पाण्यात भिजतं. बरेच दिवस न हललेल्या अंगाचंही काहीसं तसंच.

पहिलं कारण. चालताना पायाचे स्नायू जी साखर जाळतात, तिचा साठा स्नायूंतच असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. रोज चालायला लागलं की शरीर ओळखतं, आता रोजच काम पडणार, आणि साठा वाढवून ठेवतं. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. साठा २०० ग्रॅमनं वाढला की पाण्यासकट ८०० ग्रॅम झाले. पाऊण किलोपेक्षा जास्त, आणि त्यात चरबी एक ग्रॅमही नाही.

दुसरं कारण. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या आणि मांड्या ठणकतात ना? स्नायूला बारीक इजा होते आणि शरीर ती दुरुस्त करत असतं. दुरुस्तीच्या जागी थोडं पाणी धरलं जातं. काही दिवसांत ठणका जातो, पाणीही उतरतं.

तिसरं, नेमानं चालणाऱ्याच्या अंगात रक्तातला पाण्याचा भागही थोडा वाढतो. हा चांगला बदल आहे. हृदयाला काम सोपं जातं.

"चरबीचं मटण झालं, म्हणून वजन वाढलं" असंही कोणी सांगतं. स्नायू वाढतात हे खरं, पण सावकाश. दोन आठवड्यांत किलोभर स्नायू चढत नाही. तेवढ्याच वजनाचा स्नायू चरबीपेक्षा कमी जागा घेतो हेही खरं. त्यामुळे पुढे असं होऊ शकतं की वजन तेवढंच राहतं आणि ब्लाऊज सैल होतो.

आता बायकांची म्हणून दोन-तीन कारणं आणखी. पाळीच्या आधी काहींचं वजन किलो-दीड किलोनं वाढतं आणि पाळी आली की उतरतं. पापड, लोणचं, खर्डा जास्त झाला की मिठामुळे अंगात पाणी धरतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्या गावचं खास कारण म्हणजे शनिवार. शनिवारी उपवास, रविवारी सकाळी काट्यावर, आणि पुढच्या वेळी जेवूनखाऊन मंगळवारी संध्याकाळी. या दोन वजनांची तुलनाच होत नाही. मोजायचंच तर आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही. चार आठवड्यांचे चार आकडे शेजारी मांडून बघायचे.

मात्र सगळंच पाण्यावर ढकलून चालणार नाही. ताटाकडेही बघायला हवं. चालून आलं की भूक लागते, आणि मनात येतं, आज एवढं चाललो, आता खाल्लं तर काय झालं. साठ किलोच्या बाईनं अर्धा तास भराभर चाललं तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीहून जास्त असतात. साबुदाण्याची खिचडी दाण्याचं कूट आणि तूप घालून ताटलीभर खाल्ली तर तीनशेच्या पुढेच जाते. चहात दोन चमचे साखर आणि दिवसात चार चहा, तर नुसत्या साखरेचे दीडशे. दुकानावर बसणाऱ्या तायांना गिऱ्हाइकाबरोबर किती चहा होतात, ते त्यांनाच माहीत!

याचा अर्थ उपाशी राहा असा नाही. आपल्याकडे बायका सगळ्यांत शेवटी आणि उरलेलं खातात. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे. देशभरात २०१९ ते २१ मध्ये झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत हे दिसलं. अशा अंगानं जेवण तोडून व्यायाम केला तर चक्कर येईल. चालून आल्यावर भाकरी खा, पण सोबत मटकीची उसळ, वरण, अंडं, दही आणि पालेभाजी असू द्या. कमी करायचं ते साखर, तळण आणि फरसाण.

मग वजनावर भरवसा नाही तर मोजायचं काय? इथे पुण्याच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं आपल्या लोकांच्या मधुमेहाचा अभ्यास करत आहेत. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या हिशोबानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याच्या हिशोबानं दोघं सारखेच, आणि चरबी दुपटीहून जास्त! आपल्याकडे माणूस बारीक दिसला तरी चरबी पोटात लपलेली असू शकते. साखरेला आणि हृदयाला त्रास देते ती ही पोटातली चरबी. म्हणून घेर मोजा.

आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर विचारलेला असतो. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, ९० च्या पुढे दोन. गुण वाढले की धोका वाढला. ८० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. शिवणकामाच्या टेपनं एकदा मोजून ठेवा.

आणि टेप नसेल तर जुन्या परकराची नाडी घ्या. सरळ उभं राहायचं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध नाडी फिरवायची, श्वास सोडायचा, आवळायची नाही. जिथे टोक जुळेल तिथे रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रंगाचा. नाडी फक्त आपली, दुसरीशी तुलना नाही. टाका आत सरकला, तर काटा काहीही म्हणो, तुमचं काम बरोबर चाललंय.

आणखी खुणा आहेत. आधी ज्या चढावर दम लागायचा, तिथे आता बोलत जाता येतं का? जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? झोप कशी लागते? तीन महिन्यांनी तपासलेली साखर आणि बीपी काय सांगतात? चालण्याचा फायदा या ठिकाणी दिसतो, आणि बऱ्याचदा वजन उतरायच्या आधी दिसतो.

पाण्याचं हे वजन बहुतेकींचं तीन-चार आठवड्यांत स्थिरावतं, काहींना सहा लागतात. दोन महिने नेमानं चालूनही वजन आणि नाडी दोन्ही पुढेच जात असतील, तर ताटाची नोंद ठेवा आणि तपासणी करून घ्या. थायरॉईड कमी पडणं, स्टिरॉईडसारखी किंवा मधुमेहाची काही औषधं यांनीही वजन वाढतं. औषध मात्र मनानं बंद करू नका. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी.

आणि काही वेळा थांबायचंच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. दोन-चार दिवसांत दोन-तीन किलो वजन वाढलं, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, आडवं झालं की दम लागतो, चालताना छातीत दुखतं, अशा वेळी "पाणीच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या तायांनी उपाशीपोटी चालायचं की नाही ते डॉक्टरांना विचारावं आणि पदराला खडीसाखर बांधून निघावं.

काही जणी म्हणतील, आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? खुरपणीत कंबर मोडते, पण दम वाढत नाही. आणि आता बऱ्याच जणी दुकानावर, शिलाई मशीनवर बसून काम करतात. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं चाला. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठा-बसा.

लोक काय म्हणतील? बारामतीच्या लताबाई करे २०१४ साली, साठी ओलांडल्यावर, नऊवारीत मॅरेथॉन शर्यत धावल्या आणि आपल्या गटात जिंकल्या. आपल्याला तर नुसतं चालायचंय.

एक काळजी मात्र घ्या. उसाच्या रानाकडेनं अंधारात जाऊ नका, बिबट्याची भीती आपल्याकडे खरी आहे. उजाडल्यावर, तिघी-चौघींनी मिळून जा. घोडेगाव, सोनईच्या रस्त्यानं जाणार असाल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चाला. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या आणि शनी अमावस्येला भाविकांच्या गाड्या, त्या दिवशी गावातल्या गावात फेऱ्या मारल्या तरी चालतील.

शेवटी गटांना एक विनंती. इतिवृत्ताच्या वहीत एक पान आरोग्यासाठी ठेवा. नाव, आठवड्यात किती दिवस चाललो, नाडीचा टाका आत की बाहेर, साखर-बीपी तपासल्याची तारीख. एवढे चार रकाने पुरेत. वजनाचा रकाना पहिले दोन महिने ठेवूच नका. आणि जी ताई दोन दिवस आली नाही, तिच्या घरी जा. बचतीचा हप्ता चुकला तर आपण घरी जाऊन विचारतो ना? तसंच जा आणि विचारा, "काय गं, काट्यावर उभी राहिलीस का?" मग तिला हे सगळं सांगा आणि दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन निघा.