ओल्या चित्रासमोर दुसरं माणूस



चित्रकारांच्या संमेलनात अध्यक्षाने कलेच्या भवितव्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. ते मला झेपणारं नाही. मी जागेबद्दल बोलणार आहे. चित्रकार काम कुठे करतो आणि काम चालू असताना त्याच्या शेजारी कोण असतं, एवढाच माझा विषय.

चित्रकार म्हटला की एकांत आलाच, असं आपण धरून चालतो. आपला इतिहास वेगळं सांगतो. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ घ्या. संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचं मोठं नाव होतं. पडदा ही एकट्याने उरकायची गोष्टच नव्हे. पुडीचे रंग सरसाच्या पाण्यात कालवायचे, सरस कोमट राहील हे बघायचं, आणि राजवाड्याचा खांब एका दमात वरपासून खालपर्यंत ओढायचा. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. आभाळ अर्ध्यावर असताना तो संपला, तर पुन्हा तीच छटा कालवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. शिवाय पडद्याला नाक लावून काम करणाऱ्याला शेवटच्या रांगेतून काय दिसेल हे कळत नाही. ते लांब उभं राहून दुसऱ्यानेच सांगावं लागतं.

पुढे चित्रपट काढणारे दामले आणि फत्तेलाल यांचे हात तिथेच तयार झाले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवायचा त्यांचा ध्यास बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली आला, १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’वर दिग्दर्शक म्हणून दामले-फत्तेलाल अशी दोघांची नावं लागली. एका कामावर दोघांची सही असण्यात त्या मंडळींना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र ग्रुप शोच्या निमंत्रणपत्रिकेत कुणाचं नाव आधी छापायचं, यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. असो.

कुणी म्हणेल, तो धंदा होता, चित्रकलेचं तसं नसतं. मग मुंबईत या. वॉर्डन रोडला समुद्राकाठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. ती वास्तू आज नाही. तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळत. गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहमदी करत. त्याच आवारात अल्काझींच्या थिएटर युनिटच्या तालमी चालत, रविशंकरांचं संगीत विद्यालय भरे. गायतोंडे म्हणजे मौनी, कुणात न मिसळणारे, ही दंतकथा आपण आवडीने सांगतो. पण हा माणूस बरीच वर्षं ज्या जागेत काम करत होता, तिथे भिंतीपलीकडे सतार लागलेली असायची आणि जिन्यात नटांची ये-जा. शांतता त्यांनी स्वतःची स्वतः करून घेतली होती, आणि ती शेजाऱ्यांच्या गराड्यात केली होती.

शेजारी काम केलं की एकमेकांची छाप पडते, ही भीती मला दरवर्षी तरुण मुलांच्या तोंडून ऐकू येते. नसरीन गायतोंड्यांना मानत. पुढे नसरीन यांच्या कागदावर काय राहिलं? पेन्सिलीच्या आणि शाईच्या, पट्टीने मारलेल्या, श्वास रोखायला लावणाऱ्या रेषा. आणि गायतोंडे? रोलरने रंग चढवायचे, नाइफने खरवडायचे, थराखालून उजेड यावा तशी छटा आणायची. दोघांची चित्रं शेजारी लावा आणि नक्कल शोधून दाखवा. कमी रेषेत थांबण्याची हिंमत कुणाकडून आली, एवढंच विचारता येईल. शेजाऱ्याची शैली उचलणारा तो कॅटलॉगमधूनही उचलतोच.

माझ्या उमेदीच्या काळात एका गाळ्यात आम्ही चौघं भाडं वाटून काम करत होतो. आमच्यातला एक जण स्तुती कधीच करत नसे. चहा घेऊन मागून जाताना मात्र क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, “आता बास. हात लावू नकोस.” माझं निम्मं शिक्षण त्या वाक्यात झालं. तैलचित्रात कडा मोडून मोडून रंग मळतात, अंगावरचा प्रकाश मातकट होतो, आणि रंगवणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. आपण आरशात बघतो, डोळे बारीक करतो, कॅनव्हास उलटा करतो, आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवतो. उपाय सगळे चांगले आहेत. पण डोळा आपलाच असतो. तो गडी मात्र नवा डोळा घेऊन यायचा, तेही फुकट. चहाचे पैसे तेवढे माझे.

आज आपण एकमेकांचं काम कुठे बघतो? जहांगीर आर्ट गॅलरीच्या भिंतीवर, फ्रेममध्ये, नाहीतर फोनवर. तेव्हा ‘छान’ म्हणण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मधल्या टप्प्यावरचं, फसत चाललेलं चित्र कुणी बघतच नाही. प्रात्यक्षिकं होतात, हे खरं. पण दोन तासांत पोर्ट्रेट उभं करून टाळ्या घेणं हे सादरीकरण झालं. तिथे चित्रकार फसण्याची जोखीमच घेत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही, कारण मानधन त्यासाठीच मिळालेलं असतं.

म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात माझा एकच ठराव आहे. पटसंख्येअभावी पालिकांच्या ज्या शाळा बंद पडल्या आहेत, त्यांतले उत्तरेकडून उजेड येणारे वर्ग चित्रकारांना वर्षाच्या कराराने आणि परवडेल अशा भाड्यात मिळावेत, अशी मागणी आपण करू. एका वर्गात चारपेक्षा जास्त जण नकोत. टर्पेंटाइनचा वास कोंडतो, म्हणून खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. पाण्याचा नळ आत हवा, आणि दाराला कुलूप हवं, कारण कुंचले उसने जातात ते परत येत नाहीत. उद्घाटनाची कोनशिला नसली तरी चालेल. जागा मिळालीच, तर माझ्याकडचं मोठं ईझल आणि दोन स्टुलं मी आजच देऊ करतो. त्यातलं एक डगमगतं, ते टीका करणाऱ्याला द्या.