पगारपत्रक आणि आयकराची तपासणी
(मंडळाच्या मनोरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सकाळी मार्व्याहून खाडी ओलांडताना आपल्या चिटणीसांनी मला दोनदा बजाविले, "विषय रुक्ष आहे, लवकर आटोपा." विषय रुक्ष खराच, परंतु ज्याच्या दारी नोटीस येऊन पडते त्याला तो तसा वाटत नाही.

आपल्यापैकी एका गृहस्थांचे या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी छोटेसे उतारघर होते. हाताखाली आठ माणसे. काही वर्षांपूर्वी आयकर खात्याने त्यांच्याकडे पगाराच्या खर्चाचा पुरावा मागितला. हजेरीपट ठेवलेलाच नव्हता. त्यांनी तीन रात्री जागून वर्षाचे पुस्तक एका शाईने, एका हाताने लिहून काढले आणि सह्या एका बैठकीत घेतल्या. जुलै महिन्यात आठही जणांची एकतीस दिवसांची पूर्ण हजेरी! त्या महिन्यात पाहुणा एकही नव्हता आणि विजेचे बिल नाममात्र होते. अधिकाऱ्यांनी ती दोन कागदपत्रे शेजारीशेजारी ठेवली, तेव्हा सारे पुस्तकच अविश्वसनीय ठरले.

यात मनाला लागणारी गोष्ट निराळीच आहे. हे गृहस्थ पावसाळ्यात धंदा बंद असताना माणसे टिकावीत म्हणून त्यांना अर्धा पगार देत असत. तसे त्याच वेळी लिहून ठेवले असते, तर तो खर्च धंद्यासाठीच केला हे पटवून देता आले असते. माणसाने दाखविलेली माणुसकी त्याच्याच खोट्या पुस्तकाने झाकून टाकली.

आता उचलीविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्याकडील हिशेब बहुधा तेथेच बिघडतात. आचाऱ्याचा पगार चौदा हजार धरा. महिन्याच्या मध्यास त्याने तीन हजार उचलले. आपण रोजकीर्दीत ते 'किरकोळ' म्हणून टाकले. महिनाअखेर व्यवसायकराचे दोनशे कापून १०,८०० रुपये रोख दिले. आता पगारपत्रक चौदा हजार सांगते, खतावणी निराळेच सांगते. उचल आचाऱ्याच्याच नावे, त्याच्या सहीनिशी लिहावी. पगार पूर्ण चौदा हजार दाखवून त्यातून ती वळती करावी. आणि ते १०,८०० बँकेतून द्यावेत. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तो सबंध खर्च अमान्य होतो, नुसता वरचा आठशेचा भाग नव्हे. ही मर्यादा पूर्वी वीस हजार होती. १ एप्रिल २०१७ पासून ती दहा हजारांवर आली. गंमत पाहा, मासे पकडणाऱ्या कोळीबांधवाकडून थेट घेतलेल्या मासळीला १९६२ च्या आयकर नियमांत या बंधनातून सूट दिली होती; ती मासळी रांधणाऱ्याच्या पगाराला मात्र नव्हती.

ज्यांच्याकडे माणसे अधिक आहेत त्यांनी भविष्यनिर्वाह निधीकडे लक्ष द्यावे. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो. विवरणपत्रापूर्वी भरला म्हणजे झाले, अशी अनेकांची समजूत होती. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. तो पैसा कामगाराचा आहे, मालकाने तो केवळ सांभाळलेला असतो. १९६१ च्या कायद्याखाली एक दिवस उशीर झाला तरी वजावट जात असे.

घरच्या माणसांच्या पगाराविषयी इतकेच सांगतो की, बोरिवलीच्या कॉलेजात दिवसभर बसणारा पुतण्या त्याच वेळी मनोरीत व्यवस्थापक असू शकत नाही.

कोणी म्हणतील, अधिकाऱ्यांना भेटून सारे समजावून सांगू. २०२० पासून ही तपासणी बहुतांशी संगणकावरून होते. समोर कोणी बसलेले नसते. आपण पाठविलेला कागदच बोलतो. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. परंतु मागील वर्षांची तपासणी त्या त्या वर्षाच्या कायद्यानेच व्हावयाची. म्हणून जुनी पुस्तके रद्दीत घालू नयेत.

शनिवार-रविवारपुरत्या येणाऱ्या रोजंदारी माणसांची नावे, पत्ते व सह्या त्याच सायंकाळी, त्यांनी परतीची तर गाठण्यापूर्वी घ्याव्यात. हजेरीपटाचा एक कोरा नमुना मी आखून आणला आहे. तो चिटणीसांच्या टेबलावर आहे. उचलीसाठी त्यात स्वतंत्र रकाना आहे, तेवढा जाताना पाहून घ्यावा.