काल्याआधी उठलेला खेळाडू

(कंधार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संत, समाजसुधारक, पाणीप्रश्न आणि शेतमालाचा भाव यांच्या पंगतीत व्हिडिओ गेम हा विषय छापलेला पाहून काही जणांनी पत्रिका पुन्हा एकदा वाचली असेल. मागच्या रांगांत मात्र तरुण मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा संयोजकांचा अंदाज चुकलेला नाही. तक्रार तशी घरोघरची आहे. ‘एवढ्या पैशांचा गेम घेतला आणि तोही अर्ध्यात टाकला. आरंभशूर नुसता!’ आज मी आरोपीच्या बाजूनं बोलणार आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समजा, आपल्याच गावावर कुणी असा रोल प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, काढला. दहावं शतक, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा अंमल, गावाचं नाव कंधारपूर. जगत्तुंग सागर या तलावाच्या बांधाला चीर गेली आहे आणि ती बुजवणारा कारागीर बेपत्ता आहे. त्याला शोधून आणायची कामगिरी तुमच्यावर. तुम्ही निघता. मन्याड नदीच्या काठी एक म्हातारी म्हणते, माझी म्हैस हरवली, तेवढी बघा. म्हैस शोधता शोधता चोरांचा तळ सापडतो, तळावर एक चिठ्ठी, चिठ्ठीत भलत्याच गावच्या व्यापाऱ्याचं नाव. इकडे क्षेत्रपालाची अजस्र मूर्ती घडवणारा पाथरवट अडवून सांगतो, अमक्या खाणीतला दगड आणून दिलात तर चांगली तलवार देईन. प्रत्येक कामाला बक्षीस, प्रत्येक कामानंतर तुमची ताकद थोडी वाढलेली. आणि बांधाची चीर? ती तिथेच. तुम्ही शंभर तास म्हशी शोधत हिंडलात तरी ती बोटभर वाढत नाही आणि गाव बुडत नाही.

पहिली गोम इथेच आहे. गोष्ट ओरडून सांगते की घाई करा, आणि खेळ कानात सांगतो की काही घाई नाही. ऐकणारा कानातलं ऐकतो.

खरं उदाहरण घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३’ २०१५ साली आला. गेराल्ट नावाचा राक्षस मारणारा भाडोत्री शिकारी आपल्या मानलेल्या लेकीला, सिरीला, शोधतो आहे. मागावर भयंकर शत्रू आहेत. बाप लेकीच्या शोधात निघाला म्हटल्यावर त्यानं वाटेत थांबू नये. पण प्रत्येक खानावळीत ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव मांडलेला असतो आणि गेराल्ट बसतो पत्ते कुटत! पुढे स्केलिगे बेटांचा नकाशा उघडला की समुद्रभर प्रश्नचिन्हं पसरलेली दिसतात. एकेका चिन्हापर्यंत होडी हाकायची, पाण्यात तरंगणारी पिंपं आणि पेट्या उघडायच्या, आणि आत बहुतेक असं काही निघतं जे तुमच्या पोतडीत आधीच पडून आहे. कर्तव्यदक्ष मुलगा ती सगळी प्रश्नचिन्हं पुसायला बसतो. चार संध्याकाळी त्यात गेल्या की पाचव्या संध्याकाळी तो गेम उघडत नाही. आळसानं सोडलेल्यांपेक्षा मन लावून सगळं करू पाहणारेच यात जास्त सापडतात, असं माझं मत आहे. आपण ज्याला आरंभशूर म्हणतो तो बऱ्याचदा अतिशूर असतो.

विचरची मुख्य कथा पुरी करायला साधारण पन्नास तास लागतात आणि बाकीचं सगळं धरलं तर शंभरावर जातात. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळाचा कुठला टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला ते कुणालाही पाहता येतं. तिथे शेवट गाठणारे निम्म्याहून बरेच कमी दिसतात, आणि हा जगभर नावाजलेला खेळ आहे. कंपनीनंही याचा बोध घेतला. पुढचा ‘सायबरपंक २०७७’ येण्याआधी, २०२० साली, तिच्याच एका ज्येष्ठ रचनाकारानं जाहीर सांगितलं की विचरची मुख्य कथा फार लांब झाल्याच्या तक्रारी खूप आल्या, म्हणून या वेळची थोडी आखूड ठेवली आहे.

मग सगळेच आखूड का करत नाहीत? कारण गिऱ्हाईक तास मोजून पैसे देतं. २०२२ च्या जानेवारीत टेकलँड या दुसऱ्या पोलिश कंपनीनं ‘डाइंग लाइट २’ पूर्ण करायला किमान पाचशे तास लागतील अशी अभिमानानं जाहिरात केली. लोक खूश व्हायच्या ऐवजी वैतागले, आणि मुख्य कथा वीसेक तासांचीच आहे असा खुलासा कंपनीला करावा लागला. त्यात स्टीमचा नियम असा की खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला खेळ परत करता येतो. म्हणजे पहिले दोन तास उत्तम जमलेच पाहिजेत. सत्तराव्या तासाला कंटाळलेला माणूस पैसे परत मागू शकत नाही, तेव्हा सत्तराव्या तासाची काळजी कोण करणार?

‘बाल्डर्स गेट ३’चं पाहा. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा खेळ तीन अंकांचा आहे. त्याचा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्येच अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि पूर्ण खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं हजारो लोक पहिला अंक खेळून सूचना देत होते, आणि तो घासूनपुसून लखलखीत झाला. तिसऱ्या अंकाला ते भाग्य लाभलं नाही आणि सुरुवातीला टीकाही त्याच अंकावर जास्त झाली. शिवाय पात्र घडवायला बारा वर्ग आणि अकरा वंश. दुसऱ्या अंकात पोहोचलेल्या मुलाला वाटतं, आपण लढवय्या घेतला, पण गाणारा भाट घेतला असता तर? नवा गडी, नवं राज्य. पहिला अंक चार वेळा, तिसरा एकदाही नाही.

आता मला ज्या कारणाबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. खेळ कंटाळ्यानं सुटतो त्याहून जास्त वेळा तो खंड पडल्यामुळे सुटतो. आपल्या भागात हा खंड ठरलेला आहे. दहावी झाली की मुलगा लातूरला जातो. लातूर पॅटर्न, शिकवणी, होस्टेल, नीटची तयारी. पीसी राहतो कंधारला. दिवाळीत चार दिवस घरी येतो. त्यातही वीज आपल्या मर्जीनं. ‘बाल्डर्स गेट ३’ला दीडशे जीबी जागा लागते, रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तेवढं उतरवायला अडीच महिने. म्हणून वायफायवाल्या मित्राच्या घरी बिऱ्हाड हलवणं आलं. एवढं करून जुना सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, उघडला तर समोर काय? एका गुहेच्या तोंडाशी आपला गडी उभा. हातात अठरा प्रकारची औषधं, कुठलं कशाला ते आठवत नाही. शेजारी उभी असलेली बाई मित्र की शत्रू? कुठल्या बटणानं ढाल वर येते? आणि खेळानं तर तुम्हाला पट्टीचा योद्धा धरलेलं आहे, समोर शत्रूही त्याच तोडीचे. दहा मिनिटांत दोनदा मरून मुलगा खेळ बंद करतो. यात चिकाटी कुठे कमी पडली?

ही अडचण जुनी आहे. १९८६ साली जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला तेव्हा त्यात खेळ जपून ठेवायची सोयच नव्हती. उठताना पडद्यावर वीस अक्षरांचा मंत्र दिसायचा, तो वहीत उतरवायचा, दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळी कमाई गेली. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि वहीची गरज संपली. आपल्याकडच्या टीव्हीला जोडायच्या खेळांत तेही नव्हतं. मारिओचा पहिला टप्पा इथल्या पन्नाशीच्या आतल्या अनेकांना तोंडपाठ आहे. आठवं जग पाहिलेले किती आहेत, हात वर करा. बघा! दिवे गेले की मारिओ पुन्हा पहिल्या विटेपाशी.

बॅटरीनं गड्याची जागा जपली, खेळणाऱ्याची आठवण जपली नाही. काहींनी ते ओळखलं. ‘पोकेमॉन’च्या २००४ सालच्या फायररेड आणि लीफग्रीन या आवृत्त्या उघडताना मागे काय काय घडलं त्याची छोटी चित्रं दाखवायच्या. विचर ३ मध्येही गेराल्टचा कविमित्र मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. पण गोष्ट आठवून देणं सोपं, बोटांना आठवण करून देणारं अजून फारसं कुणी केलेलं नाही.

आपल्याकडे लांबलचक गोष्ट पुरी करायची एक रीत आहे. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या गावोगावच्या सप्ताहात सात दिवसांत पुऱ्या होतात. वाचणाऱ्यांत दुकानदार असतो, शेतमजूर बाई असते, आठवीतलं लेकरू असतं. त्यांची चिकाटी या मुलांपेक्षा मोठी असते असं मला वाटत नाही. पण सप्ताह बसायच्या आधीच काल्याची तारीख ठरलेली असते, कीर्तनकार महाराज कितीतरी आधी ठरवलेले असतात, पंगती कुणाच्या तेही ठरलेलं. रोज किती वाचायचं हे तुमच्यावर सोडलेलं नसतं. गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणाची एक रूढ वाटणी पाहा: पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे तीनच, कारण छत्तिसावा भला मोठा आहे. ज्यानं ही वाटणी केली त्याला वाचणाऱ्याचा दम नेमका कळला होता. सप्ताहात डुलकी लागली तर शेजारच्याचा आवाज ओढून नेतो. आणि पाचव्या दिवशी व्यासपीठचालक असं सांगत नाहीत की बाजूला आणखी चार अध्याय ठेवलेत, ते वाचाल तर तलवार मिळेल.

मुलाच्या खेळाला यातलं काहीच नाही. हेडफोन लावून तो एकटा, शेवट कधी ते माहीत नाही, आणि त्याच्या शेवटाची वाट पाहणारं घरात कुणी नाही.

आखूडपणाचा मार्गही आपल्याच महाराष्ट्रात काहींनी चोखाळला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ आणला. भावाच्या शोधात निघालेली एक डोंबारी मुलगी, तिच्या प्रवासावर बोलणारे दुर्गा आणि विष्णू. हा आरपीजी नव्हे, मारधाडीचा साहसी खेळ. पाचसहा तासांत संपतो. तो लवकर संपतो अशी कुरबुरही झाली. मला विचाराल तर अशी कुरबूर रचनाकारानं शिफारसपत्र म्हणून लावावी. उलट टोकाला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखे मोबाइलवरचे खेळ आहेत. दर सहा आठवड्यांनी नवा भाग, वरून पैसे टाकून नवी पात्रं मिळवण्याची सोडत. ते संपवता येत नाहीत, कारण संपणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. त्यांची चिंता पालकांनी जरूर करावी. अर्धवट राहिलेल्या विचरची करू नये.

शेवटी मुलांच्या एका सवयीबद्दल. खेळ सुटला की ती यूट्यूबवर शेवट पाहून घेतात. मोठी माणसं याला चोरी म्हणतात. मी म्हणणार नाही. सहा दिवस न फिरकलेला माणूस काल्याच्या कीर्तनाला आला तर त्याला कुणी पंगतीतून उठवत नाही. मात्र फरक असा की काला सगळ्यांचा एकच असतो. ‘बाल्डर्स गेट ३’च्या शेवटाची सतरा हजार रूपं होऊ शकतात असं लॅरियनचं म्हणणं आहे. त्यात कार्लाक नावाची एक सोबतीण आहे. व्हिडिओ करणाऱ्यानं तिला पहिल्याच अंकात मारून टाकलेलं असू शकतं, आणि आपल्या मुलाच्या सेव्हमध्ये ती जिवंत आहे. तो पाहतो तो शेवट दुसऱ्याच कुणाचा असतो.

म्हणून ज्यांना परतायचं आहे त्यांना एवढंच सांगतो. उठताना वहीत चार ओळी लिहा: कुठे आहोत, कुणाला शोधतोय, कुठलं बटण कशाचं. नकाशावरची प्रश्नचिन्हं तशीच राहू द्या. आणि खेळाची काठिण्यपातळी सरळ सगळ्यात खाली आणा. विचरमध्ये तर ‘फक्त गोष्ट’ अशा अर्थाची एक पातळीच दिलेली आहे. पोरं ती निवडायला लाजतात, का ते मला अजून कळलेलं नाही. ते उत्तर मागच्या रांगेतून कुणी देणार असेल तर माइक तिकडे पाठवा.