ज्याचे त्याचे कर्म
(दुष्काळनिवारण समितीच्या वार्षिक सभेत समितीच्या वतीने केलेले भाषण)



समितीचा वार्षिक वृत्तांत व जमाखर्च चिटणिसांनी आपणांस आताच वाचून दाखविला. कोणत्या गावी कडबा पोहोचला, पाण्याचे टँकर कोठे चालले, पेरणीसाठी बियाणे किती घरी दिले, हे सर्व त्यात आले आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु वर्गणीसाठी दारोदार फिरत असता एक प्रश्न आम्हांस इतक्या वेळा ऐकावा लागला, की त्याचे उत्तर चारचौघांच्या समक्ष एकदा द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

एका सुखवस्तू गृहस्थांनी आम्हांस आदराने बसवून घेतले, चहा दिला, आणि मग ते शांतपणे म्हणाले, “अहो, पाऊस पडणे न पडणे आपल्या हाती आहे काय? ज्याचे त्याचे कर्म. ज्याच्या प्रारब्धी जो भोग असेल तो त्याने भोगलाच पाहिजे. तुम्ही मध्ये पडून तो चुकविणार आहात काय?” त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. ते भाविक आहेत, नेमधर्माने राहतात, आणि जे बोलले ते त्यांस मनापासून खरे वाटते. म्हणूनच आम्हांस अधिक चिंता वाटली. कृपणाचे मन एखादे वेळी द्रवते; परंतु ज्याने आपल्या कृपणतेस शास्त्राचा आधार मिळविला, त्याच्या मनात शिरण्यास दयेला वाटच उरत नाही.

वस्तुतः शास्त्राचा आधार त्यास आहे काय, हेच प्रथम पाहू. आपल्या परंपरेत कर्माचे तीन भाग मानितात. मागील साठा तो संचित. त्यातील जे भोगास आले ते प्रारब्ध. आणि आज, या घटकेस, आपण जे करीत आहो ते क्रियमाण. दुसऱ्याचे प्रारब्ध हा दुसऱ्याच्या घरचा हिशेब होय. ती वही आपणांपुढे कोणी उघडलेली नाही, आणि ती तपासण्याचा अधिकारही कोणी आपणांस दिलेला नाही. आपल्या हाती आहे ते केवळ आपले क्रियमाण. दारी भुकेला उभा राहतो तेव्हा त्याने मागील जन्मी काय केले हा प्रश्नच उपस्थित होत नाही. आपण या क्षणी काय करणार, हा प्रश्न उपस्थित होतो. कर्माचा सिद्धान्त ज्यास खरोखर मान्य आहे, त्याने तर त्या क्षणी अधिकच सावध झाले पाहिजे. कारण त्याच्याच मताप्रमाणे, रित्या हाताने परत लाविलेला मनुष्य त्याच्या खात्यावर लिहिला जाणार आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी कीर्तनात ऐकली असेल. बहामनी अमलात ते तेथील कामदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांस मोकळी केली. बादशहाने त्यांस पकडून बेदरला बोलाविले. आणि ते पोहोचण्यापूर्वीच विठोबाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली, अशी ती कथा. इतिहाससंशोधक तिचा काय निवाडा करावयाचा तो करोत. आम्ही दोनच गोष्टींकडे आपले लक्ष वेधितो. कोठाराच्या दारी आलेल्या एकासही दामाजीपंत त्याचे पूर्वकर्म विचारीत नाहीत. आणि त्यांच्या संकटात देव जे रूप घेतो, ते ज्यास गावाने वेशीबाहेर ठेविले होते त्याचे. आपण ज्यास खाली लेखितो, त्याच्याच हातून आपली सुटका व्हावयाची आहे, ही जाणीव ज्या लोकांनी ही कथा जतन केली त्यांस खचित होती.

कोणी म्हणेल, ही कथा झाली. लेखी पुराव्याचे काही सांगा. तर पुणे जिल्ह्यातील सुपे गावी चला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला मोठा भाव आला. साहूकारांनी सढळ हाताने कर्ज दिले व कुणब्यांनी ते घेतले. पुढे युद्ध थांबले, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढविला. पूर्वी साहूकार व कुणबी यांचा संबंध सर्वस्वी गोड होता असे नव्हे. तथापि गावात राहावयाचे म्हणून दोन्ही पक्षांस काही मर्यादा पाळावी लागे. नव्या दिवाणी कोर्टांनी ती मर्यादा उठविली. ज्यास वाचता येत नव्हते त्याचा अंगठा खतावर पडला, कोर्टात तो हजर नसताना हुकूमनामे झाले, आणि जमिनी गेल्या. अखेर 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो खतपत्रांवर होता. ती हिसकावून घेऊन त्यांनी जाळली. ज्या कागदांच्या बळावर शेजाऱ्यास शेजारी मानण्याचे सोडून दिले होते, तेच कागद घराला आग लागण्याचे निमित्त झाले. या कर्माचे फळ येण्यास पुढील जन्माची वाट पाहावी लागली नाही.

पुढच्याच वर्षी पाऊस गेला. 1876 ते 1878 च्या त्या दुष्काळात दक्षिण व पश्चिम हिंदुस्थानात लक्षावधी माणसे दगावली. ज्यांची कणगी कर्जापायी व साऱ्यापायी आधीच रिती झाली होती, त्यांजवळ एक वर्ष तगून राहण्याइतकेही धान्य नव्हते. पाऊस न पडणे हे निसर्गाचे. परंतु कणगी रिती असणे हे माणसांचे कर्म होते, आणि ते मरणाऱ्यांचे नव्हते. त्याच वेळी, 1877 साली, सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांस प्राक्तनाची भाषा मान्य नव्हती. तिच्यावर त्यांनी कडक टीकाच केली आहे. तरी पण कर्मसिद्धान्त माणसाकडून जे मागतो ते त्यांनी केले, आणि तो सिद्धान्त तोंडाने घोकणारे कित्येक घरी बसून राहिले.

आता अलीकडील उदाहरण घेऊ. 1972 चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. मिलो आणि सुकडी हे शब्द उच्चारताच त्यांस ते दिवस आठवतील. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, रस्ते बांधिले, पाझर तलाव खणिले. त्या अनुभवातून, आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून, रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसविण्यात आला होता. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून थोडी रक्कम कापली जावी आणि माणदेशातील मजुराच्या हातास काम मिळावे, ही ती योजना. पुढे 2005 साली साऱ्या देशासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्यास महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला. भुकेल्या मजुराने स्वतःसाठी काम मागितले. त्याने बांधलेल्या रस्त्यांवरून मात्र आपण सर्व चालत आहो.

इतरांचे दोष सांगून आमचा सांगावयास आम्ही विसरलो, असे कोणी म्हणू नये. गतवर्षीच्या वृत्तांतात, व्यवहार चोख दिसावा म्हणून, आम्ही साहाय्य घेणाऱ्यांची नावे गाववार छापिली. हेतू वाईट नव्हता. परंतु त्या नावांत एक असे होते, की ज्याच्या खळ्यावरून एके काळी कोणी सूप रिकामे घेऊन परतत नसे. वृत्तांत गावात पोहोचला आणि चावडीवर वाचला गेला. यंदा पुन्हा पाऊस हुकला, तेव्हा तो शेतकरी आमच्या छावणीकडे फिरकला नाही. आम्हांस कळले तेव्हा त्याची बैलजोडी बाजारात उभी राहून पडेल त्या भावाने गेली होती. आमचा कार्यकर्ता त्याच्या दारी गेला असता त्याने पाणी दिले, बसावयास घोंगडे टाकिले, आणि एवढेच म्हटले, “दादा, बैल परत घेता येतील.” जे परत घेता येत नाही त्याचे नाव त्याने उच्चारले नाही. त्या गावातील आणखी काही घरांनी यंदा आमचा कडबा नाकारला. आम्ही त्यांस जसे वागविले, तसेच फळ आमच्या पदरी आले.

म्हणून समितीने ठराव केला आहे, की यापुढे वृत्तांतात पैन् पैचा हिशेब राहील, देणाऱ्यांची नावे त्यांची संमती असल्यास राहतील, परंतु घेणाऱ्याचे नाव राहणार नाही. आपल्या हातातील या पुस्तिकेत ती यादी नाही, याचे कारण हे होय. ज्यास शंका असेल त्याने कचेरीत येऊन पावत्या पाहाव्या.

आता मागणे. मृगापर्यंत जनावरे जगविण्यास कडबा व पेंड पाहिजे. पाऊस पडताच बियाणे पाहिजे, नाही तर पडलेला पाऊसही व्यर्थ जाईल. आणि ज्यांची जोडी गेली त्यांच्या पेरणीसाठी औतांची सोय पाहिजे. ज्यास पैसा देणे शक्य नाही त्याने आपले औत दोन दिवस द्यावे. ज्या सद्गृहस्थांनी आम्हांस चहा देऊन परत पाठविले, त्यांच्या दारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्यांस आम्ही वाद घालणार नाही. एवढेच विनवू, की दुसऱ्याच्या प्रारब्धाची वही मिटून ठेवा, आणि आजचे आपले पान कोरे सोडू नका.