सरकारं बदलली, गाव तिथंच आहे
(गुडीहत्नूर इथं यंदाच्या पदवीधर मुलामुलींसमोर केलेलं भाषण)

इथं जमलेल्या माझ्या भावंडांनो, आणि मागं उभ्या असलेल्या मायबापांनो,

डिग्री हातात आली, मनापासून अभिनंदन. हार झाले, पेढे झाले. आता घरी, टपरीवर, लग्नात जो तो एकच विचारतो: पुढं काय? उत्तर देताना तुमचा आवाज खाली जातो, हे मला दिसतं. एक तर सरकारी भरतीचा नेम नाही. त्यात मोबाईलमधलं एआय आता अर्ज लिहितं, भाषांतर करतं, कोडिंगसुद्धा करतं. मग आपल्याला कोण विचारणार, अशी भीती वाटते. "सगळं चांगलं होईल" एवढं म्हणून मी खाली बसणार नाही. सीमेवरच्या माणसाच्या कामाला येतील अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. बदल आपल्या गावाला नवा नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, कचेरीत उर्दू चालायची. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात आलो. सोयरे तिकडे, आपण इकडे. 2 जून 2014 ला तेलंगणा झालं. 2016 च्या दसऱ्याला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. 1940 साली इथं जन्मलेल्या एखाद्या आजीनं उंबरठा न सोडता निजाम, हैदराबाद स्टेट, आंध्र आणि तेलंगणा अशी चार सरकारं पाहिली. तिनं काय केलं? घरात मराठी ठेवली, बाजारात तेलुगू शिकली, शेजारणीची गोंडी समजून घेतली. एक भाषा आली म्हणून दुसरी टाकली नाही. शाळेत न जाता तिनं हे केलं. तुमच्याकडे तर डिग्री आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तेलंगणात थेट भरतीच्या 95 टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत. आणि स्थानिक कोण, हे तुम्ही पहिली ते सातवी कुठं शिकलात यावरून बघतात. मामाच्या गावी, किनवटला किंवा पांढरकवड्याला शिकलेलं पोर, घर-शेती-मतदान इथं असूनही बाहेरचं ठरू शकतं. बरं, महाराष्ट्रात जावं तर तिथं 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात. कर्नाटकातल्या 865 मराठी गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्र सरकारनं त्या अटीत सवलत दिली आहे. आपलं गाव त्या यादीत नाही. ही मागणी आपण करायलाच हवी. पण मागणी मान्य होईस्तोवर तुमचं वय थांबणार नाही. म्हणून सातही वर्षांचे बोनाफाईड आत्ताच काढून ठेवा. नोटिफिकेशन आल्यावर शाळेकडे धावू नका.

कागदासोबत नावही तपासा. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना 'त' साठी 'टी' आणि 'एच' अशी दोन अक्षरं टाकतात. दक्षिणेकडची ती रीतच आहे. महाराष्ट्रातला माणूस तेच 'हथनूर' वाचतो. इथल्या मेमोवरची लता तिकडच्या कागदावर एका अक्षरानं बदलते, आणि मुलगी एकच असून कागदावर दोघी होतात. दहावीचा मेमो, आधार, डिग्री तिन्हींवर एकच स्पेलिंग आहे का, ते आज रात्री घरी जाऊन बघा.

तिसरी गोष्ट एआयची. केंद्राचं भाषिणी आहे, मोठ्या कंपन्यांची ॲप आहेत. मराठीचं तेलुगू क्षणात होतं. वापरा, शिका, अजिबात घाबरू नका. पण एक शब्द घ्या. इथं शेतकरी म्हणतो, "पहाणी काढायची आहे." त्याला जमिनीचा उतारा पाहिजे, महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात तसा. पुस्तकी मराठीत पाहणी म्हणजे जाऊन बघणं. मशीननं त्याचा अर्ज 'शेत बघायला या' असा केला, तर चूक कोण पकडणार? ज्याला दोन्हीकडचं कळतं तो. बँकेत, दवाखान्यात, कापसाच्या मार्केट यार्डात, मीसेवात असा माणूस लागतो, आणि तो तुम्ही होऊ शकता.

फक्त एक अट आहे. तुम्हाला तेलुगू फर्डी बोलता येते, पण मराठी माध्यमातून आलेल्या कित्येकांचा लिहिताना हात अडतो. इंग्लिश मीडियमवाल्यांचं मराठी लिहिताना तेच होतं. ग्रुप्सचे पेपर इंग्रजी, तेलुगू, उर्दूत असतात; मराठीत नाहीत. त्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. म्हणून तेलुगूचा राग धरू नका. तेलुगू लिहायला शिकलात म्हणून मराठी कमी होत नाही. उलट, हक्क मागायला जाताना समोरच्याचा कायदा त्याच्याच भाषेत वाचता आला पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या शेजारची. इंद्रवेल्ली-उटनूरच्या रस्त्यानं पुढं नारनूर मंडलात गुंजाळा गाव आहे. तिथल्या गोंड घरांत जुन्या हस्तलिखितांत गोंडीची स्वतःची लिपी होती. ती वाचणारे मोजकेच वडीलधारे उरले होते. जयधीर तिरुमलराव यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावकऱ्यांसोबत बसून काम केलं, आणि 2018 मध्ये 'गुंजाळा गोंडी' युनिकोडमध्ये आली. डोंगरातल्या गावाची लिपी जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर लिहिता येईल, अशी सोय झाली. आपली मराठी तर 8 कोटींहून जास्त लोकांची आहे. पण आपली सीमेवरची मराठी, पहाणीवाली, मंडलवाली, ती पुण्यात बसून कोणी नोंदवणार नाही. फोन तुमच्या हातात आहे. आजी-आजोबांना बोलतं करा, रेकॉर्ड करा, लिहून काढा.

आता जाताना एक काम सोपवतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं संविधानाचं कलम 350 क सांगतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 350 ख खाली विशेष अधिकारी असतो. त्याच्याकडे जाणारे अर्ज आजवर आमच्या पिढीनं जमेल तसे लिहिले. पुढचे तुम्ही लिहा, मुद्देसूद, तारखा-आकड्यांसकट, मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत.

कोणी अशोकनगरला कोचिंगला जाईल, कोणी अमीरपेटला कोर्स करेल, कोणी पुण्याला, कोणी इथंच शेती बघेल. कुठंही जा. पहिली नोकरी मनासारखी मिळाली नाही तरी गावात यायला लाजू नका. आणि सुट्टीत आलात की दोन तास काढून आमच्यासोबत बसा. दहावीची पोरं बोनाफाईड आणि स्पेलिंग विचारायला येतात, त्यांना सांगणारं कोणीतरी लागतं.

जय मराठी.