कसोटी माणसाची, आज्ञावली यंत्राची

(गुरुकुंज मोझरी येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. तथापि शासनाच्या कामकाजात संगणकाचे स्थान वाढत असताना, त्याला आज्ञा कोण देतो, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. म्हणून हा विषय आपणापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

संगणक आपण होऊन काही करीत नाही. त्याला क्रमवार सूचना द्याव्या लागतात. त्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. ती सामान्यतः माणूस लिहितो. परंतु ती न लिहिता, निवडीच्या मार्गाने निपजविण्याचीही एक पद्धत आहे. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी निसर्गातील उत्क्रांतीचे तत्त्व गणनेस लावणारा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९२ साली जॉन कोझा यांनी त्याच तत्त्वाने संपूर्ण आज्ञावल्या कशा तयार होतात, हे आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. शेतातील उत्तम झाडाची सरकी बियाण्यासाठी वेगळी राखणे, दोन जातींचा संकर करून त्यातून हवे ते वाण निवडणे, हेच येथे घडते. प्रथम संगणक बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि उपलब्ध आकडे यांची कशीही जुळणी करून शेकडो आज्ञावल्या तयार करतो. त्यांतील बहुतेक निरुपयोगी असतात. प्रत्येकीला ज्ञात उदाहरणांवर चालवून तिची चूक मोजली जाते. कमी चुकणाऱ्या आज्ञावल्या निवडून त्यांच्या भागांची अदलाबदल करतात. क्वचित एखादा भाग मुद्दाम बदलतात. ही झाली दुसरी पिढी. अशा अनेक पिढ्यांनंतर उपयोगी आज्ञावली हाती येण्याचा संभव असतो.

याचा उपयोग आपल्या राज्यातही झालेला आहे. समुद्रातील लाटांची उंची मोजणारी उपकरणे तरंगत्या बोयांवर बसविलेली असतात. ती बंद पडली की नोंदी खंडित होतात. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. एम्. सी. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील अशा हरवलेल्या नोंदी भरून काढण्यासाठी ही पद्धत वापरली; ते संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. लाटांचे पूर्वानुमान करण्याकरिताही त्यांनी तिचा अवलंब केला.

या पद्धतीचे दोष शिक्षकांच्या तात्काळ ध्यानात येतील. विद्यार्थी सोडविलेली गणिते पाठ करतो आणि नवे गणित आले की अडखळतो. आज्ञावलीही तशीच घोकंपट्टी करू शकते. म्हणून काही उदाहरणे तिच्यापासून झाकून ठेवून, शेवटी त्यांवर तिची परीक्षा घ्यावी लागते. दुसरा दोष आपणा कार्यालयीन मंडळींच्या परिचयाचा आहे. पिढ्यांमागून पिढ्या आज्ञावल्या विनाकारण लांबत जातात. टिपणीवर टिपणी चढून नस्ती जाड व्हावी तशा. त्यांच्या लांबीस मर्यादा घालावी लागते.

परंतु मुख्य प्रश्न याहून गंभीर आहे. निवड कोणत्या कसोटीवर करावयाची? यंत्राला बरेवाईट कळत नाही; त्याला फक्त आपण दिलेले माप कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात रोझियम जातीच्या कापसाचा प्रसार झाला. त्याच्या रुईचा उतारा अधिक होता. परंतु तंतू आखूड व भरड होता. तलम सुतासाठी नावाजलेली जुनी बनी मागे पडली. उताऱ्याची कसोटी लावली, उतारा मिळाला; जे मोजले नाही, ते गमावले. चांगल्या तंतूचे वाण तयार करण्यासाठी पुढे पुन्हा परिश्रम घ्यावे लागले.

आता आपल्याच तिवसा तालुक्याचा विचार करू. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. वरच्या अंगास मोर्शी तालुक्यात अप्पर वर्धा धरण आहे. समजा, उद्या नदीच्या पातळीचा अंदाज देणारी आज्ञावली या पद्धतीने तयार करावयाची आहे. ‘वर्षभरातील सरासरी चूक कमीत कमी असावी’ अशी कसोटी दिली, तर ती वरवर निर्दोष वाटेल. पण वर्षातील ३६० दिवस नदी शांत असेल, तर त्या दिवसांचे अचूक अंदाज पुराच्या ५ दिवसांची चूक झाकून टाकतील. कागदावर आज्ञावली उत्तम ठरेल आणि नेमक्या पुराच्या रात्री काठावरच्या घरांना इशारा मिळणार नाही.

कोणती चूक क्षम्य आणि कोणती अक्षम्य, हे यंत्र सांगू शकत नाही. दूरच्या नगरात बसलेल्या तज्ज्ञालाही ते पुरतेपणी माहीत नसते. ज्याच्या उंबरठ्याला पाणी लागते, त्याला ते ठाऊक असते. खोटा इशारा मिळून एक रात्र शाळेत काढावी लागली तर चालेल काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो आणि तेथेच त्याचे उत्तर मिळते.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. पीक, पाणी वा अनुदान यांचा निर्णय संगणकाच्या आधारे होत आहे असे आपणास सांगण्यात आले, तर आदराने पण आग्रहाने विचारा : याची कसोटी कोणती? ती कोणी ठरविली? झाकून ठेवलेल्या उदाहरणांवर तिची परीक्षा झाली आहे काय? हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आज्ञावली यंत्राने खुशाल निपजवावी. कसोटी मात्र आपण ठरवावी आणि तिची जबाबदारीही आपणच घ्यावी.