पन्हाळा : तीन हजार वस्तीचे नगर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनातील व्याख्यान म्हटले की शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह हे विषय ठरलेले. आम्ही आज भूगोलाचा व शिरगणतीचा विषय घेऊन उभे आहोत. आपल्यापैकी काही घराण्यांचे मूळ गाव पन्हाळा किंवा त्याच्या पायथ्याच्या पेठा. बाकीच्यांनी पन्हाळा निदान सहलीत पाहिलेला आहे. परंतु तो नगर म्हणून फार थोड्यांनी पाहिला असेल, असे आम्हांस वाटते. तीन दरवाजा पाहिला, सज्जाकोठीवर वारा खाल्ला, बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा आपला परिपाठ. तेथे माणसे राहतात, त्यांची मुले शाळेत जातात, त्यांच्या घरांची कौले गळतात, हे त्या घाईत ध्यानात येत नाही.

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर हा गड आहे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या एका रांगेवर तो वसला असून त्याच रांगेत पुढे जोतिबाचा डोंगर येतो. उत्तरेस वारणेचे खोरे, दक्षिणेस कासारीचे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे तीन हजार फूट. गडाचा घेर सुमारे साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किलोमीटर. यापैकी निम्म्या घेराला निसर्गानेच तुटलेले कडे दिले आहेत. उरलेल्या ठिकाणी जाडजूड तट व बुरूज आहेत. माथ्यावर जांभ्याचा थर आणि त्याखाली सह्याद्रीचा काळा पाषाण. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, म्हणून एवढ्या उंचीवरही तळी व विहिरी बांधता आल्या. अंधारबाव ही तीन मजली विहीर त्यांतलीच. तिच्यात पाणी तर आहेच, शिवाय पहारेकऱ्यांना राहण्याची सोय आणि तटाबाहेर जाण्याची चोरवाटही आहे.

या भूगोलातून एक गोष्ट निघते. गडमाथ्यावर पाणी आहे, निवारा आहे, पण शेत जवळजवळ नाही. अंबरखान्याची तीन कोठारे, गंगा, यमुना आणि सरस्वती, आपण पाहिली असतील. एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. हे धान्य गडावर कधीच पिकले नाही. ते खालच्या मुलखातून वर येत असे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले, त्यापूर्वीचे चार महिने गड तग धरून राहिला, तो याच व्यवस्थेच्या बळावर. सारांश, पन्हाळ्याची वस्ती स्वतःच्या जमिनीवर कधीच पोसलेली नाही. वर कचेरी असेल, फौज असेल, राजा असेल, तर खालून धान्य येते आणि त्यामागोमाग माणूस येतो.

इतिहास हेच दाखवितो. दुसऱ्या भोजाच्या वेळी, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस, येथे शिलाहारांची राजधानी होती. पुढे अठराव्या शतकात महाराणी ताराबाईंनी येथूनच कारभार पाहिला. त्या काळचा पन्हाळा केवढा गजबजलेला असेल, याची कल्पना एका उदाहरणावरून येते. कविवर्य मोरोपंतांचे घराणे कोकणातले. चाकरीनिमित्त ते पन्हाळ्यास आले आणि १७२९ मध्ये मोरोपंत तेथे जन्मले. केशव व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंपाशी त्यांचे अध्ययन गडावरच झाले. काव्यशास्त्र शिकविणारे गुरू ज्या गडावर राहत होते, त्याला नुसते ठाणे म्हणता येणार नाही. परंतु तेच मोरोपंत तरुणपणी बारामतीस गेले आणि जन्मभर बारामतीचे झाले. पन्हाळ्याने वाढवावे आणि दुसऱ्या गावाने ठेवून घ्यावे, हा क्रम असा जुना आहे! १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलली. १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. ताराबाईंच्या वाड्यात पुढे शाळा व कचेऱ्या भरू लागल्या.

आता आकड्यांकडे वळू. २००१ च्या जनगणनेत पन्हाळा नगराची लोकसंख्या ३,४५० होती. २०११ मध्ये ती ३,१२१ झाली. दहा वर्षांत ३२९ माणसे कमी. माथेरानही लहानच, पण तेथेही २०११ मध्ये ४,३९३ माणसे होती. कोल्हापूर शहर त्या वेळी साडेपाच लाखांच्या घरात होते. मग तीन हजार वस्तीला नगर कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे? जनगणना खात्याने १९६१ पासून कसोटी लावली ती अशी : वस्ती किमान ५ हजार, कामकरी पुरुषांपैकी तीनचतुर्थांश शेतीबाहेरच्या धंद्यात, आणि दाटी चौरस किलोमीटरला ४०० माणसांची. पहिल्याच अटीवर पन्हाळा नापास. परंतु जेथे कायद्याने नगरपरिषद आहे, ते ठिकाण या कसोटीविनाच नगर ठरते. पन्हाळ्यास गिरिस्थान नगरपरिषद आहे, म्हणून ते नगर. उलट त्याच तालुक्यातील कोडोली वस्तीने पन्हाळ्याच्या अनेक पटींनी मोठी. तिचा कारभार मात्र २०११ च्या गणनेच्या वेळी ग्रामपंचायतीकडे होता. ही विसंगती आम्हांस गमतीची वाटते, पण निरर्थक वाटत नाही. पन्हाळा तालुक्याची वस्ती अडीच लाखांवर. दाखला, दस्त, दावा, जमिनीचा उतारा यांसाठी ही माणसे डोंगर चढून वर येतात. शिरगणतीच्या कागदावर तीन हजारांचे असलेले हे गाव कामाच्या दिवशी केवढ्या मुलखाचे गाव असते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

राहणाऱ्यांची अडचण याच जागी आहे. वर जाणारा हमरस्ता एकच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो चार दरवाजाजवळ खचला आणि मोठ्या वाहनांची ये-जा दीर्घकाळ अडून राहिली. सहलीला जाणाऱ्याने सहल पुढे ढकलली. आजारी म्हाताऱ्याला खाली नेणाऱ्या घराने काय करावे? दुसरी अडचण कायद्याची. १९५८ च्या स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. मैदानातील एखाद्या देवळाभोवती हे वर्तुळ आखणे सोपे. पन्हाळ्यावर स्मारके जागोजाग पसरलेली असल्यामुळे एका वर्तुळातून बाहेर पडावे तो दुसऱ्यात पाऊल पडते. परवानगीवाचून घराची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. भावांच्या वाटण्या झाल्या, घर अपुरे पडले, की धाकटा खाली उतरतो. त्या ३२९ पैकी असे किती, हे जनगणना सांगत नाही. पण असे धाकटे आपल्या परिचयाचे आहेत.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. त्यांत पन्हाळा आहे. आपण सर्वांनी पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. मात्र या बारांपैकी माथ्यावर नगरपरिषद, शाळा, कचेऱ्या आणि बिऱ्हाडे नांदत असलेला गड पन्हाळाच. तेव्हा तेथील रहिवासी जर विचारू लागला, की तटाची डागडुजी होईल, आमच्या भिंतीचे काय, तर त्याला कोणी अभिमानशून्य म्हणू नये. शहरात राहून गड जसाच्या तसा राहावा अशी इच्छा करणे सोपे आहे, आणि आम्हीही शहरातच राहतो. दगडाचे रक्षण व्हावयासच हवे. पण मुक्कामाला माणूस नसलेला गड काय होतो, हे सह्याद्रीतील शेकडो ओस किल्ल्यांवर पाहावयास मिळते. पन्हाळ्याचे तट, कोठारे, तळी आजवर टिकली, त्यात तेथे सतत चूल पेटत राहिल्याचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ मध्ये घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आणि तीत जातीचीही नोंद होणार असल्याचे सांगितले. त्यावरून आपल्या मंडळात चर्चा चालू आहे. आमचे म्हणणे एवढेच, की गणना माणूस जेथे राहतो तेथे होते. मुंबईस राहणारा मुंबईत मोजला जाईल. पन्हाळ्यावरील त्याच्या कुलूपबंद घराची नोंद रिकामे घर म्हणून होईल.

आपल्या मंडळाच्या सभासदयादीत व वधूवरसूचीत 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी 'सध्या तेथे कोण राहते' असा आणखी एक रकाना पुढील वर्षीच्या यादीत घालावा, अशी आमची कार्यकारी मंडळास सूचना आहे. प्रथम पन्हाळा तालुक्यातील घराण्यांपुरता तो भरून घ्यावा. जेथे वृद्ध आई-वडील एकटेच असतील, तेथील पत्ते कोल्हापूरच्या शाखेकडे पाठवावेत, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कोणी तरी वर जाऊन त्यांच्या औषधपाण्याची आणि छपराची चौकशी करील. खर्च फारसा नाही. एक दिवस आणि गाडीभाडे लागेल. ही सूचना सभेपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.